परदेशी बॉम्बनाशक पथकांना मिळणारी मदत: पैसा कुठून येतो, कशावर जातो आणि मागे काय उरते

अमेरिकेच्या सैन्यदलांविषयीच्या कायद्यात ४०७ क्रमांकाचे एक कलम आहे. दुसऱ्या देशाला सुरुंग काढण्यासाठी मदत करायला गेलेल्या अमेरिकी सैनिकाने स्वतः सुरुंग शोधायचा नाही, उचलायचा नाही आणि नष्टही करायचा नाही, असे ते कलम सांगते. अमेरिकेच्या स्वतःच्या लष्करी कारवाईला त्याच वेळी त्या कामाची गरज असेल, एवढाच त्याला अपवाद आहे. शिकवा, उपकरणे द्या, पद्धत बसवून द्या, पण सुरुंगाला हात त्या देशाच्याच माणसाने लावायचा. आपली माणसे जिवानिशी जाऊ नयेत, हा विचार त्यामागे असणारच. तरीही परदेशी सुरक्षा दलांच्या बॉम्बनाशक प्रशिक्षणावर श्रीमंत देश जो पैसा खर्च करतात, त्याचे मूळ तत्त्व याच कलमात सर्वांत स्वच्छ दिसते. मदत करणारा कधीतरी परत जाणार आहे आणि स्फोटके तिथेच राहणार आहेत, म्हणून कौशल्य तिथल्या माणसाच्या हातात उतरले पाहिजे. हे तत्त्व कागदावर सोपे आहे. खर्च होताना मात्र पैसा कौशल्यापेक्षा वस्तूंकडे अधिक सहज वळतो, आणि या व्यवहारातल्या बहुतेक अडचणी तिथूनच सुरू होतात.

आधी धोक्याचे दोन प्रकार वेगळे करून पाहायला हवेत. पहिल्या प्रकारात युद्धानंतर जमिनीत राहिलेले सुरुंग, न फुटलेले तोफगोळे आणि विमानातून टाकलेले बॉम्ब येतात. ते कारखान्यात बनलेले असतात, त्यांची रचना माहीत असते, आणि ते पेरणारा माणूस बहुधा केव्हाच निघून गेलेला असतो. दुसऱ्या प्रकारात आयईडी येतात, म्हणजे प्रेशर कुकर, खताच्या गोण्या, मोबाइल फोन, बॅटऱ्या आणि खाणकामातले डेटोनेटर (मुख्य स्फोटक पेटवणारी छोटी नळी) यांतून जुळवलेली स्फोटके. त्यांची रचना दर वेळी वेगळी असू शकते आणि ती बनवणारा माणूस जवळपास उभा राहून पथक कसे काम करते हे पाहत असू शकतो. पुढच्या वेळी त्याच पद्धतीचा फायदा घेऊन तो थेट पथकालाच लक्ष्य करतो. म्हणून सुरुंग काढायला शिकलेला माणूस आपोआप आयईडी निकामी करायला पात्र ठरत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली तयार झालेली सुरुंगविरोधी कामाची आंतरराष्ट्रीय मानके स्फोटके हाताळणाऱ्यांची पात्रता चढत्या पातळ्यांत विभागतात. पहिल्या पातळीचा माणूस सापडलेली वस्तू जागीच नष्ट करतो, वरच्या पातळीवरचा ती हलवू किंवा उघडू शकतो. आयईडीसाठी मात्र स्वतंत्र पात्रता लागते. एखाद्या देशाला ‘बॉम्बनाशक प्रशिक्षण दिले’ अशी बातमी आली की ते कोणत्या पातळीचे, हा पहिला प्रश्न विचारायला हवा. दोन आठवड्यांचा परिचयवर्ग आणि निकामी करण्याचे प्रत्यक्ष कौशल्य या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

पैशाच्या वाटाही याच भेदानुसार फुटतात. अमेरिकेचे उदाहरण घ्यायचे ते एवढ्यासाठी की तिथला हिशेब बराचसा जाहीर असतो आणि रक्कमही सर्वांत मोठी आहे. तिथल्या परराष्ट्र खात्याकडे अण्वस्त्रप्रसारबंदी, दहशतवादविरोध आणि सुरुंगनिर्मूलन यांसाठी एक एकत्रित लेखाशीर्ष आहे. त्यातला एक भाग युद्धातील उरलीसुरली शस्त्रे नष्ट करण्यासाठी जातो. १९९३ पासून या कामावर शंभराहून अधिक देशांत मिळून ५ अब्ज डॉलरपेक्षा जास्त रक्कम खर्च झाली आहे. दुसरा भाग दहशतवादविरोधी साहाय्य कार्यक्रमाचा. हा कार्यक्रम १९८३ मध्ये सुरू झाला. त्याच वर्षी बैरूतमध्ये आधी अमेरिकी दूतावासावर आणि मग ऑक्टोबरमध्ये सैनिकांच्या बराकीवर स्फोटकांनी भरलेली वाहने धडकवण्यात आली होती, आणि बराकीवरच्या हल्ल्यात २४१ अमेरिकी सैनिक मारले गेले होते. परदेशातील दूतावासाचे रक्षण शेवटी यजमान देशाचे पोलीस करतात, तेव्हा त्या पोलिसांना शिकवणे हे स्वतःचेही रक्षण आहे, असा त्यामागचा हिशेब होता. या कार्यक्रमातले अभ्यासक्रम भारतीय पोलीस अधिकाऱ्यांनीही पूर्ण केलेले आहेत.

तिसरी वाट संरक्षण खात्याची. इराक आणि अफगाणिस्तानात आयईडींनी अमेरिकी सैन्याची सर्वांत मोठी हानी केल्यावर २००६ मध्ये या धोक्यासाठी स्वतंत्र संघटना उभी राहिली आणि पुढच्या काही वर्षांत तिच्यामार्फत अब्जावधी डॉलर खर्च झाले. तिथे तीन सूत्रे ठरली: बॉम्ब बनवणारे जाळे तोडणे, बॉम्ब निकामी करणे आणि दलांना शिकवणे. परदेशी दलांना सक्षम करण्याचे संरक्षण खात्याचे विखुरलेले अधिकार पुढे सैन्यदलांविषयीच्या त्याच कायद्याच्या कलम ३३३ खाली एकत्र आणण्यात आले. या कलमात एक महत्त्वाची अट आहे. नुसते प्रशिक्षण आणि साहित्य देऊन भागत नाही. युद्धविषयक कायदा व मानवी हक्क यांचे शिक्षण आणि त्या देशाच्या संस्था बळकट करण्याचा भाग कार्यक्रमात असावाच लागतो. आधीच्या दशकात जे चुकले त्याचा धडा या अटीत उतरलेला दिसतो.

या पैशातून काय विकत घेतले जाते? चित्रांत नेहमी दिसणारा जाड पोशाख पस्तीस-चाळीस किलोंच्या आसपास वजनाचा असतो आणि उष्ण देशात तो घालून फार वेळ काम करता येत नाही. संशयित वस्तूचे चित्र घेण्यासाठी हातात नेता येणारे एक्स-रे यंत्र लागते. वेगाने सोडलेल्या पाण्याच्या धारेने वस्तूची जोडणी स्फोट होण्याआधीच विस्कटून टाकणारे उपकरण लागते. निकामी करण्याचे पुष्कळसे काम प्रत्यक्षात या पाण्याच्या माऱ्यानेच होते, तारा कापून नव्हे. माणसाऐवजी पुढे जाणारा रोबो लागतो. पुण्याजवळ दिघी येथील संरक्षण संशोधन प्रयोगशाळेने तयार केलेला ‘दक्ष’ हा अशाच कामाचा रोबो आहे. देणाऱ्या देशाला या वस्तू पुरवणे सोयीचे असते, कारण त्यांची किंमत ठरलेली असते, त्या बहुधा त्याच्याच कंपन्यांकडून घेता येतात, आर्थिक वर्ष संपायच्या आत बिल निघते, आणि हस्तांतराच्या समारंभाचे छायाचित्रही मिळते. घेणाऱ्याकडे मात्र त्या रोबोची बॅटरी दोन-तीन वर्षांत संपते, एक्स-रेची पाटी फुटते, सुटा भाग परदेशातून मागवायचा तर त्यासाठी तरतूद नसते, आणि यंत्र कुलूपबंद खोलीत जाते. उपकरणाच्या किमतीबरोबर दुरुस्तीचे आणि सुट्या भागांचे पुढच्या काही वर्षांचे पैसे धरलेले नसतील तर ती मदत अर्धीच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

जॅमरची गोष्ट याहून अवघड आहे. मोबाइल किंवा रेडिओच्या संदेशाने फुटणारा बॉम्ब रोखण्यासाठी जॅमर तो संदेशच दडपतो. पण तो कोणत्या लहरी दडपतो हे प्रतिपक्षाला कळले की त्याचा उपयोग संपतो, म्हणून या यंत्रांची निर्यात कडक नियंत्रणाखाली असते आणि त्यातली माहिती सहसा परक्या दलाच्या हाती दिली जात नाही. परिणामी ज्या दलाला त्याची सर्वांत जास्त गरज असते त्याला बहुधा जुन्या पद्धतीचे यंत्र मिळते, किंवा ते मिळतच नाही.

प्रशिक्षणाचा हिशेब आणखी कठीण, कारण त्यात सर्वांत महाग असतो तो वेळ. अमेरिकेच्या चार सैन्यदलांचे बॉम्बनाशक तज्ज्ञ फ्लोरिडातील एग्लिन तळावरच्या एकाच शाळेत तयार होतात आणि तिथला अभ्यासक्रम महिन्यांच्या हिशेबाने चालतो. त्यानंतरही अनुभवी माणसाच्या हाताखाली काम केल्याशिवाय नवा तज्ज्ञ एकटा पुढे जात नाही. परदेशी दलांसाठीचे अभ्यासक्रम पुष्कळदा काही आठवड्यांचे असतात. शिकायला येणाऱ्यांत वशिल्याने निवडलेले, भाषा न समजणारे किंवा परत गेल्यावर भलत्याच शाखेत बदली होणारे लोकही असतात. इराकमधले मोसुल शहर आयसिसच्या ताब्यातून २०१७ मध्ये सुटले तेव्हा घराघरांत, ढिगाऱ्यांत आणि रुग्णालयांच्या आवारात स्फोटके पेरलेली होती. नाटोने इराकी अधिकाऱ्यांना आयईडीविरोधी प्रशिक्षण देणे २०१६ मध्ये जॉर्डनमध्ये सुरू केले आणि पुढच्या वर्षापासून ते प्रत्यक्ष इराकमध्ये नेले. हे स्थलांतर योग्यच होते. आपल्या माणसांना आपल्याच रस्त्यांवर, आपल्याच हत्यारांनिशी शिकवले की शिकलेले टिकते, आणि शिकणाऱ्यांतूनच पुढचे शिक्षक निवडता येतात.

शिकवण्यातला एक भाग बाहेरून दिसत नाही, पण माझ्या मते तो सर्वांत मोलाचा आहे. बॉम्ब जागीच उडवून देणे सोपे आणि सुरक्षित असते. मात्र तसे केले की तो कोणी बनवला याचा पुरावाही उडून जातो. सर्किटची सोल्डरिंग, तारा गुंडाळण्याची सवय, चिकटपट्टीवरचा बोटाचा ठसा यांवरून एकाच हातचे अनेक बॉम्ब ओळखता येतात. त्यासाठी पुरावा गोळा करणारा पोलीस, तो तपासणारी प्रयोगशाळा, आणि तो न्यायालयात टिकेल अशी नोंद हे तिन्ही लागतात. परदेशी मदतीतून पोशाख आणि रोबो पोचतात, प्रयोगशाळा क्वचितच उभी राहते. मग पथक आयुष्यभर एकामागून एक बॉम्ब निकामी करत राहते आणि बनवणारा मोकळाच राहतो.

मदत कुठे फसते हे पाहायचे तर जॉर्डनला दिलेल्या श्वानांचे उदाहरण वाचण्यासारखे आहे. दहशतवादविरोधी साहाय्य कार्यक्रमातून अमेरिका मित्रदेशांना स्फोटके हुंगणारे प्रशिक्षित कुत्रे देते आणि त्यांत सर्वाधिक कुत्रे जॉर्डनकडे गेले होते. खात्याच्या कारभाराची तपासणी करणाऱ्या, अमेरिकी परराष्ट्र खात्याच्याच महानिरीक्षकांनी सप्टेंबर २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात म्हटले होते की २००८ ते २०१६ या काळात तिथे किमान १० कुत्रे आजारपणाने मेले. अस्वच्छ खुराडी, अपुरे अन्न आणि वैद्यकीय उपचारांचा अभाव यांमुळे इतरांचीही प्रकृती खालावली होती. अथेना नावाची मादी इतकी खंगलेली आढळली की तिला अमेरिकेत परत आणावे लागले. ती बरी झाली. तसाच परत आणलेल्या मेन्सी या कुत्र्याला मात्र वाचवता आले नाही. अहवालातला खरा बोचणारा मुद्दा पुढे आहे: कुत्र्यांची किमान काळजी कशी घ्यायची, याचा लेखी करार न करताच ते दिले जात होते आणि नंतरची पाहणीही नियमित नव्हती. त्या वर्षाच्या अखेरीस जॉर्डन आणि इजिप्तला कुत्रे पाठवणे थांबवण्यात आले. तज्ज्ञ माणूस असो वा कुत्रा, तो दिल्यानंतर त्याला कोण सांभाळणार हे आधी लिहून घेतले नाही तर काय होते, हे इथे डोळ्यांसमोर आले.

दुसरे उदाहरण अफगाणिस्तानच्या गझनी प्रांतातले आहे आणि ते समजायला महाराष्ट्रातील वाचकाला फार दूर जावे लागत नाही. गडचिरोलीत १ मे २०१९ रोजी जांभूळखेडा येथे रस्त्यातील स्फोटात १५ पोलीस आणि त्यांच्या खासगी वाहनाचा चालक मारला गेला. रस्त्याखाली दडवलेली स्फोटके किती घातक असतात हे इथे अनेकांनी अनुभवले आहे. रस्त्याखालची मोरी ही तर अशी स्फोटके ठेवण्याची सर्वांत सोयीची जागा. अफगाणिस्तानात मोऱ्यांची तोंडे लोखंडी जाळ्यांनी बंद करण्याची कंत्राटे अमेरिकेने दिली होती. उपाय साधा, स्वस्त आणि उपयोगी होता. परंतु अफगाण पुनर्बांधणीच्या विशेष महानिरीक्षकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले की एकट्या गझनीत किमान दोन कंत्राटदारांनी सुमारे २५० जाळ्यांचे पैसे घेतले आणि त्या जाळ्या एकतर बसवल्याच नाहीत किंवा चुकीच्या बसवल्या. रस्ता सुरक्षित आहे असे समजून त्यावरून जाणाऱ्या सैनिकाच्या दृष्टीने ही नोंद म्हणजे जाळी मुळीच नसण्यापेक्षाही वाईट. किती जाळ्यांचे पैसे दिले याचा आकडा कार्यालयात होता. मोरीपाशी जाऊन पाहणारा माणूस पुरेसा नव्हता.

आता सर्वांत नाजूक प्रश्न: हे कौशल्य कोणाला द्यायचे? बॉम्ब निकामी करायला शिकवताना तो कसा बनतो हेही शिकवावे लागते. ज्या दलाने स्वतःच्या नागरिकांवर अत्याचार केले आहेत त्याच्या हाती अशी मदत जाऊ नये, म्हणून सेनेटर पॅट्रिक लीही यांच्या पुढाकाराने १९९७ पासून एक अट लागू झाली. मानवी हक्कांचे गंभीर उल्लंघन केल्याची विश्वासार्ह माहिती असलेल्या तुकडीला अमेरिकेची मदत देता येत नाही, आणि त्यासाठी प्रशिक्षणाला येणाऱ्या तुकड्यांची पूर्वतपासणी होते. ही चाळणी परिपूर्ण नाही. तुकडीचे नाव बदलले, माणसे दुसरीकडे हलवली तर ती चुकवता येते. शिवाय माहिती गोळा करण्याचे काम दूतावासातील मोजक्या लोकांवर पडते. तरीही ती नसण्यापेक्षा असणे कितीतरी बरे, असे मला वाटते. मदत दिलेले दलच कोसळले तर मात्र कोणतीही चाळणी कामाला येत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये अफगाण सरकार पडले तेव्हा त्या दलांना दिलेले सुमारे ७ अब्ज डॉलर किमतीचे साहित्य तिथेच राहिले, आणि त्यात स्फोटके शोधण्याची व निकामी करण्याची उपकरणेही होती.

निकामी करण्यावर कितीही खर्च केला तरी कच्चा माल मोकळा राहिला तर ते काम संपत नाही. अमोनियम नायट्रेट हे खत आणि खाणकामाचे साहित्य दोन्ही आहे. डेटोनेटर कोळशाच्या खाणीतही लागतो. जागतिक सीमाशुल्क संघटनेने २०१० मध्ये अशा रसायनांच्या वाहतुकीवर नजर ठेवणारी मोहीम सुरू केली, कारण शेजारच्या देशांतून अफगाणिस्तानात जाणारे खत थेट बॉम्बमध्ये जात होते. भारताचा याच्याशी जवळचा संबंध आहे. कॉन्फ्लिक्ट आर्मामेंट रिसर्च या संस्थेने फेब्रुवारी २०१६ मध्ये आयसिसच्या बॉम्बमधील सुट्या भागांचा माग काढला, तेव्हा २० देशांतील ५१ कंपन्यांची उत्पादने त्यात सापडली. त्यांत सात कंपन्या भारतीय होत्या. त्यांचे डेटोनेटर, स्फोटक दोर आणि वाती कायदेशीर परवान्याने लेबनॉन व तुर्कस्तानला गेल्या होत्या आणि तिथून पुढे वळवल्या गेल्या. भारतात स्फोटकांच्या परवान्यांचे काम पाहणाऱ्या पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपुरात आहे. माल शेवटी कोणाच्या हाती जातो याची चौकशी असे परवाने देताना जितकी काटेकोर होईल, तितके मोसुलसारख्या शहरातील पथकाचे काम कमी होईल. आणि त्यासाठी लागणारा खर्च रोबोंच्या तुलनेत नगण्य आहे.

मग मदत नीट रुजली असे उदाहरण आहे का? आहे, आणि ते कंबोडियाचे आहे. संयुक्त राष्ट्रांचे शांतता अभियान तिथे असतानाच, १९९२ मध्ये, कंबोडियाचे सुरुंग कृती केंद्र स्थापन झाले आणि परदेशी प्रशिक्षकांनी तिथल्या तरुणांना सुरुंग काढायला शिकवले. तिथे १९७९ पासून सुमारे २० हजार लोक सुरुंगांनी आणि न फुटलेल्या दारूगोळ्याने मेले आहेत. १९९६ या एका वर्षात मृत आणि जखमी मिळून ४,३०० हून अधिक माणसे त्यांच्या तडाख्यात सापडली होती. अलीकडच्या वर्षांत हा आकडा पन्नासच्या खाली आला आहे. तीस वर्षे अनेक देशांनी पैसा पुरवला, पण संस्था, शिक्षक आणि नोंदी कंबोडियाच्या स्वतःच्या झाल्या. जानेवारी २०२३ मध्ये युक्रेनच्या आपत्कालीन सेवेचे लोक सुरुंग काढण्याचे शिक्षण घेण्यासाठी कंबोडियात आले. त्या प्रशिक्षणामागे जपानचे साहाय्य होते, जमिनीखालची वस्तू पडद्यावर दाखवणारे शोधक यंत्र जपानच्या तोहोकू विद्यापीठातील संशोधनातून आलेले होते, आणि शिकवणारे कंबोडियन होते. पश्चिम आफ्रिकेत बेनिन देशातील विदा येथे फ्रान्सच्या साहाय्याने २००३ मध्ये उभी राहिलेली शाळाही याच विचाराची आहे. शेजारच्या देशांतील सैनिक आणि पोलीस तिथे फ्रेंचमधून, ओळखीच्या हवामानात शिकतात.

भारतही या व्यवहारात घेणारा आणि देणारा असा दोन्हीकडे आहे. श्रीलंकेतील युद्ध मे २००९ मध्ये संपल्यावर तिथल्या उत्तर भागातील सुरुंग काढणाऱ्या भारतीय पथकांचा खर्च भारत सरकारने उचलला. पुण्यात मार्च २०१६ मध्ये आसियान ही आग्नेय आशियाई देशांची संघटना आणि तिच्या सहयोगी देशांचा, एकंदर १८ देशांचा, ‘फोर्स १८’ हा सराव झाला, ज्याचा विषयच शांतिसेना आणि सुरुंगनिर्मूलन हा होता. भारतीय तुकडीचे नेतृत्व तेव्हा लेफ्टनंट कर्नल सोफिया कुरेशी यांनी केले. दापोडीच्या सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालयासारखी संस्था हाताशी असताना आफ्रिका आणि आग्नेय आशियातील पथकांसाठी इथे दीर्घ मुदतीचे अभ्यासक्रम नियमित चालवणे भारताला परवडण्याजोगे आहे, आणि ते व्हावे असे मला मनापासून वाटते.

या मदतीचा सर्वांत कच्चा दुवा जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा दिसला. अमेरिकेच्या नव्या प्रशासनाने परदेशी साहाय्य गोठवले आणि त्यात सुरुंगनिर्मूलनाचे कार्यक्रमही थांबले. कंबोडियातील अमेरिकी पैशावर चालणाऱ्या पथकांना काम बंद ठेवावे लागले. काही दिवसांतच चीनने आपला निधी जाहीर केला आणि नंतर अमेरिकेने कंबोडियासाठी सूट दिली. तीस वर्षांत शिकलेली माणसे तिथेच होती, त्यांची यंत्रेही होती, पण डिझेल आणि पगार दुसऱ्या देशाच्या वार्षिक अर्थसंकल्पातून येत होते. त्यामुळे असा करार करताना पहिल्या वर्षापासूनच घेणाऱ्या देशाचा वाटा लिहून ठेवावा, तो दर वर्षी थोडा वाढवत न्यावा, आणि पगार व इंधन हे दोन खर्च सर्वांत आधी त्याच्या स्वतःच्या तिजोरीकडे न्यावेत. पोशाख आणि रोबो उशिरा आले तरी काम मंदावते. पगार थांबला की ते त्याच दिवशी बंद पडते.